पत्र्याची खोली, अडीचचा तास

दिवाळी अंकासाठी शिक्षकी पेशातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवते. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते, आणि ती गमतीची नाही. तीच लिहिते. नावं बदलली आहेत.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं.

महाविद्यालयात दोन प्रकारचे प्राध्यापक असतात. एक कायमचे, म्हणजे माझ्यासारखे. दुसरे तासिका तत्त्वावरचे. त्यांना सगळे सीएचबी म्हणतात. कागदोपत्री त्यांना अर्धवेळ म्हणायचं, पण ते सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या कॉलेजात शिकवतात, म्हणजे माझ्या दीडपट वेळ. जूनमध्ये मुलाखत होते, ऑर्डर मिळते, एप्रिलमध्ये ती संपते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. ज्यांच्याबरोबर वर्षभर चहा प्यायला त्यांच्यासमोरच बसून पुन्हा 'स्वतःबद्दल थोडं सांगा'पासून सुरुवात.

प्रत्येक सत्रात परीक्षेच्या महिनाभर आधी मुलं मोबाइलवर शिक्षकांना गुण देतात. दहा प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण, मग सरासरी. तो फॉर्म मीच बसवलेला आहे. माझ्या घरीसुद्धा मला आकड्यांची बाई म्हणूनच ओळखतात. दूध नासलेलं दिसत असलं तरी ही आधी पिशवीवरची तारीख बघणार, असं आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. तेव्हा फॉर्म चोख आहे. फरक फक्त पुढे पडतो. कायम प्राध्यापकाची सरासरी बंद पाकिटातून त्याच्याच हातात येते आणि पाकिटावर 'आत्मपरीक्षणासाठी' असं छापलेलं असतं. सीएचबीची सरासरी प्राचार्यांच्या टेबलावर जाते. तीनच्या खाली गेली की नाव 'सुधारणा आवश्यक'च्या यादीत. लागोपाठ दोन सत्रं खाली, तर जूनमध्ये बोलावणं येत नाही.

ती यादी माझ्याकडे येते. मी गुणवत्ता कक्ष सांभाळते. यादीतल्या शिक्षकाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचं, टिपण काढायचं, मग चहावर बसून काय चुकतंय ते सांगायचं, याला मार्गदर्शन म्हणतात.

ते मी चांगलं करते, असं मला वाटायचं. एकदा आजऱ्याचे एक सर यादीत आले. आवाज इतका बारीक की दुसऱ्या बाकापर्यंत पोचेना. मी म्हटलं, "सर, घरी पण असंच बोलता?" ते म्हणाले, "छ्या! आमच्या काजूच्या कारखान्यात सगळी बोंबलतच बोलतात. हितं त्या फळीवर चढलं की गळा बसतोय बगा." मी शिपायांना सांगून वर्गातलं व्यासपीठच काढून टाकलं. जमिनीवर उभं राहिल्यावर सरांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायला लागला, आणि शेजारच्या वर्गाची तक्रार आली. अशा दोनचार गोष्टींवर माझं नाव झालं होतं. नाव झालं की माणूस पुढचा वर्ग नीट बघत नाही.

चौगुले सर यादीत आले ते पहिल्या सत्राचे दोन पूर्णांक चार घेऊन.

ते हुपरीचे. घरात पैंजणं करण्याचा छोटा कारखाना, आई-भाऊ-वहिनी त्यात. सरांनी अर्थशास्त्रात एम. ए. केलं, प्राध्यापकीची सेट परीक्षा दिली, आणि तासावर शिकवायला लागून आठ वर्षं झाली होती. सकाळी पैंजणांच्या कड्या जाळावर डाग देऊन जोडून यायचे, त्यामुळे बोटांच्या टोकांवर भाजल्याच्या खुणा. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "म्याडम, दोन पॉइंट चार म्हंजी पाचातले का धातले?"

"पाचातले."

"मग निम्म्याच्या जवळ हाय की," म्हणाले आणि हसले. मग हसू आवरून सांगितलं, "ह्या जूनला ऑर्डर आली न्हाय तर माझं लगीन मोडतंय."

मुलगी कागलकडची. दोघांची पसंती झालेली. पण तिचे वडील म्हणाले होते, 'दरसाल परीक्षा देणारा जावई कुठं बघितलाय? एवढी एक ऑर्डर दाखवा, मग सुपारी फोडू.' चौगुले सरांचं वय छत्तीस झालं होतं.

त्यांचा वर्ग मागच्या बाजूला, गाड्यांच्या स्टँडला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत भरायचा. दुपारी अडीचला. मुलं सकाळी सातपासून कॉलेजात आलेली, अर्ध्यांना गावाकडची एसटी गाठायची. ऊन असलं की पत्रा तापतो, पाऊस असला की पत्रा बोलतो, आणि दोन्ही नसलं की शेजारी कुणीतरी गाडीला किक मारतं. अशा खोल्या आणि अशा वेळा सीएचबींच्या वाट्याला कशा येतात, तर वेळापत्रक लावताना कायम प्राध्यापक आधी निवडतात आणि उरेल ते त्यांना. मीसुद्धा आधी निवडत आले. माझा तास दहाचा, पहिल्या मजल्यावरच्या हवेशीर खोलीत.

चौगुले सर फार उत्तम शिकवत होते असं मी म्हणणार नाही. मध्यम होते. वहीत बघून सांगायचे आणि डोळा घड्याळाकडे, कारण पुढे इचलकरंजीला संध्याकाळचं कॉलेज होतं. मी टिपण काढलं. नजरेला नजर द्या, फळ्यावर मुद्दे लिहा, मध्ये मध्ये प्रश्न विचारा, उदाहरणं मुलांच्या ओळखीची घ्या. ते प्रत्येक मुद्द्याला "व्हय म्याडम" म्हणत गेले.

त्या टिपणात खोलीबद्दल एक अक्षर नव्हतं. तासभर मी रुमालाने मान पुसत बसले होते, तरी नव्हतं. खोली हा काही शिक्षकाचा गुण नाही, म्हणून माझ्या तक्त्यात तिला रकाना नव्हता.

पुढच्या वेळी गेले तर वर्ग आणखी बिघडलेला. सर माझी टिपणं पाठ करून आले होते. दर दोन वाक्यांनी थांबून एकेका बाकाकडे बघत होते, जणू कुणीतरी काही चोरलंय. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची शिवानी नावाची मुलगी माझ्यापाशी आली. बोलायला तिखट.

"म्याडम, सर आधी बरं हुतं. तुमी आल्यापास्नं भ्यायल्यात."

मी म्हटलं, "त्यांना मदत करतोय आपण."

"मग तुमी एक तास घिऊन दावा की. आमचं आबा वस्ताद हुतं. नुसतं काठावर बसून डाव सांगणाऱ्याला तालमीत कोण इचारत न्हाय. वस्तादानं मातीत उतरायला लागतंय."

चौगुले सर ओशाळले. "ए शिवानी, म्याडमशी आसं बोलत्यात व्हय?" पण मला ते आव्हान आवडलं. खरं सांगायचं तर मला खात्री होती. मी म्हटलं, "घेते. पुढच्या आठवड्यात. सर मागच्या बाकावर बसतील."

विषय होता मागणीची लवचिकता. म्हणजे किंमत वाढली की लोक घेणं किती कमी करतात, हे मोजणं. मी भरपूर तयारी केली. मुलांच्या ओळखीचं उदाहरण हवं म्हणून जोतिबाच्या यात्रेतला गुलाल घेतला. गुलाल महागला तरी जोतिबावर आलेला माणूस तो घेतल्याशिवाय राहतो का, असं विचारलं. उत्तर येईना. पत्रा तापला होता. एक मुलगा उघड झोपला होता. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं, तेवढ्यात बाहेर कुणीतरी बुलेट चालू केली आणि ती चालूच ठेवून गप्पा मारत उभा राहिला. मी त्याच्यावरही ओरडून तिसऱ्यांदा विचारलं, "गुलाल! जोतिबाचा गुलाल!"

मी केसांना मेंदी लावते. मागून आवाज आला, "म्याडमच्या केसातला अजून निगाला न्हाय वाटतं!"

वर्गात हशा फुटला. झोपलेला मुलगासुद्धा उठून हसला. त्यात तसं वाईट काही नव्हतं. माझ्या दहाच्या वर्गात कुणी म्हणालं असतं तर मीही हसले असते. पण मी घामाने भिजले होते, मागच्या बाकावर चौगुले सर बसले होते, आणि मी हरत होते.

मी म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला इथं गाड्यांच्या शेजारी बसवलंय. तुमची लायकी तीच आहे."

हसू थांबलं. शिवानीने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जी गोष्ट आधीपासून माहीत होती ती कुणीतरी एकदाची बोलून दाखवल्यासारखा चेहरा होता.

चौगुले सर उठून पुढे आले. "ए पोरांनो, म्याडम सकाळपास्नं परीक्षेच्या कामात हायत. जेवल्या बी न्हाईत. माझ्यापायी त्यास्नी हितं यायला लागलंय. काय राग धरायचा तर माझ्यावर धरा. चला, वह्या काढा." मी जेवले होते. मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी उरलेला तास घेतला. वहीत बघूनच घेतला. मुलं शांत होती, पण ती शांतता त्यांच्या शिकवण्यामुळे नव्हती.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "खोली तापती म्याडम. हितं डोस्कं ठिकाणावर ऱ्हात न्हाय. मी बी दोनदा वराडलोय त्यांच्यावर. मनाला लावून घिऊ नगासा."

आणि मी मान डोलावली. त्यांच्या दोन पूर्णांक चारला मी पत्र्याचं कारण लागू दिलं नव्हतं. माझ्या एका वाक्याला ते लगेच लागू केलं.

माफी मागायला हवी होती. पुढच्या आठवड्यात परीक्षा लागल्या, मग सुट्ट्या. मी मागितली नाही. त्याऐवजी मी मला जमणारी गोष्ट केली. वेळापत्रक लावणाऱ्या सरांकडे गेले आणि म्हटलं, दुसऱ्या सत्रात माझा दहाचा तास आणि खोली चौगुले सरांना द्या, मी अडीचला पत्र्याच्या खोलीत जाते.

ते चष्म्यावरून बघायला लागले. "मॅडम, बरं वाटत नाही का? तिथं कोण कायमचं माणूस जातं का?"

"बघूया जाऊन," मी म्हटलं.

सत्रभर गेले. तेच संख्याशास्त्र, त्याच वह्या, तोच खडू, तीच मी. पहिले काही दिवस हौस होती. मग मी घड्याळाकडे बघायला लागले. मग वहीत बघून सांगायला लागले. पावणेतीनला एसटीसाठी उठणाऱ्या मुलांकडे मी आधी रागाने बघायचे, नंतर हेव्याने.

मार्चमध्ये गुण आले. चौगुले सर तीन पूर्णांक चार. माझं पाकीट मी घरी नेऊन उघडलं. एरवी मी चारच्या वर असते. आत दोन पूर्णांक तीन होते. म्हणजे चौगुले सरांच्या पहिल्या आकड्यापेक्षाही खाली. आमच्या यांनी विचारलं, "काय आलंय?" मी म्हटलं, "आत्मपरीक्षण."

एप्रिलमध्ये मला अहवाल द्यायचा होता. मी जसं झालं तसं लिहिलं. चौगुले सरांचे दोन्ही आकडे, खाली माझे दोन्ही आकडे, आणि निष्कर्ष असा, की शिक्षक बदललेला नाही, खोली आणि वेळ बदलली, तेव्हा शिक्षकाला यादीत टाकण्याआधी त्याची खोली बघावी. लिहून झाल्यावर बरं वाटलं. असा अहवाल ज्याच्याबद्दल असतो त्याची सही लागते. मी चौगुले सरांना बोलावलं.

त्यांनी दोनदा वाचला. बाहेर कुणाचं ऐकू जात नाही ना, ते बघितलं.

"म्याडम, ह्ये आसं नगा दिऊ."

"का? खरं आहे सगळं."

"खरं हाय म्हणूनच नगं. खोलीमुळं गुण आलं म्हणजे मी सुधारलो न्हाय, आसाच अर्थ हुतोय की. जूनला मला इचारतील, चौगुले, खोली पुन्हा बदलली तर पुन्हा दोनावर येणार का तुमी? काय सांगू?"

मी म्हटलं, "पण हा फक्त तुमचा प्रश्न नाही. उद्या त्या खोलीत दुसरं कुणीतरी असेल."

"आसंल की. त्यो बी माझ्यासारखाच कोनतरी आसंल." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुमी जूनमधी हितंच हाईसा म्याडम. मी मुलाखतीच्या बाकड्यावर आसणार. खालचा तुमचा आकडा बघून तुमास्नी ती हसतील, आणि राग माझ्यावर काढतील. मार्गदर्शनानं सुधारणा झाली, एवढंच लिवा. माझं बी भागतंय, तुमचं बी."

मी वाद घातला. फार नाही. कागद परत घेतला आणि संगणकावर बसून खालच्या दोन ओळी काढल्या, निष्कर्ष बदलला. ज्याच्यावर अन्याय झाला तोच सांगतोय म्हटल्यावर माझ्या सचोटीला बोलायला जागा राहिली नाही. हे सगळं खरं आहे. पण त्या ओळी पुसल्या गेल्या तेव्हा मला हलकं वाटलं, हेही खरं आहे, आणि ते त्यांच्यासाठी वाटलेलं नव्हतं. दोन पूर्णांक तीन आता माझ्या कपाटाबाहेर कुणाला दिसणार नव्हते.

बैठकीत प्राचार्यांनी अहवाल वाचून दाखवला. 'योग्य मार्गदर्शनाचा परिणाम' या शब्दांवर टाळ्या झाल्या. चहाबरोबर त्या दिवशी काजू होते.

जूनमध्ये चौगुले सरांना ऑर्डर मिळाली आणि साखरपुडा ठरला. मी आणि आमचे हे हुपरीला गेलो. खाली कारखान्याची खोली रिकामी करून सतरंज्या घातल्या होत्या, तरी भिंतीला चांदीच्या कामाचा वास होता. सुपारी फुटली. मग चौगुले सर मला हाताला धरून नेल्यासारखं करत आपल्या पाहुण्यांत घेऊन गेले. "ह्या आमच्या म्याडम. ह्यांनी मला सुधारलं."

मुलीच्या वडिलांनी उठून नमस्कार केला. बायका खुर्ची आणायला धावल्या. चौगुले सरांच्या आई पुढे आल्या, माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या बोटांवर मुलाच्या बोटांसारख्याच खुणा होत्या.

"लई उपकार झालं बाई तुमचं," त्या म्हणाल्या. मग जरा जवळ सरकल्या. "एक इचारू? रागवू नगासा. आमच्या ह्या लेकात, दत्तात, कमी काय हुतं?"

सगळे ऐकत होते. असल्या प्रश्नाला दशांश चिन्हासकट उत्तर देण्याचंच माझं काम. मी म्हटलं, "काही नाही, मावशी."

"काय न्हाय?" त्यांनी भुवया चढवल्या. "मग सुधारलासा काय?"

मोठा हशा झाला. मुलीचे वडीलही हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते. आणि पत्र्याच्या खोलीत उठले होते तसेच चौगुले सर पुन्हा मध्ये आले. "आई, म्याडमना आधी जेवू घाल, मग इचार. चला म्याडम, पान वाढलंय." आमच्या यांनी परतीच्या एसटीत विचारलं, "त्या बाईंना काय उत्तर द्यायचं होतं?" मी कंडक्टरला द्यायचे सुटे पैसे मोजायला घेतले.

याला दोन वर्षं होऊन गेली. माझ्या तक्त्यात आता 'खोली व वेळ' असा एक रकाना आहे. मीच घातला, आणि अजून त्याबद्दल कुणी विचारलेलं नाही. पत्र्याच्या खोलीत पंखा बसला. अडीचचा तास मी स्वतःकडे ठेवला आहे, त्याचं कौतुक नको. एका तासाला मी असते, बाकी दिवसभर खोली तिथंच असते आणि यंदाच्या यादीत आलेल्या दोघांचेही तास तिथेच आहेत. चौगुले सर मात्र आता नाहीत. लग्न झालं, पाळणा हलला, आणि दरसाल जूनची वाट बघण्यात संसार होत नाही म्हणून त्यांनी कॉलेज सोडलं. पूर्ण वेळ पैंजणं करतात.

हा लेख छापायच्या आधी त्यांना दाखवायला हुपरीला गेले. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून सगळा वाचला. मी म्हटलं, "तुम्हाला अडचण होईल असं काही असेल तर सांगा, काढते."

"मला आता कोण काढणार म्याडम?" म्हणाले. मग मागची पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये तेवढं काढा. तुमी पोरांना गाड्यांचं बोलला ते. लोकांना वाईट दिसंल तुमचं. पोरं कवाच इसारली आसतील."

मागच्या वेळी त्यांनी सांगितलं आणि मी काढलं होतं. हे नाही काढलं. शिवानी कुठे असेल, हा अंक तिच्या हातात पडेल का, मला माहीत नाही.